पाना बसतो, बोल्ट बसत नाही

एमजी टीसी ही 1945 ते 1949 दरम्यान इंग्लंडात बनलेली दोन आसनी गाडी. तिच्या 1250 सीसी एक्सपीएजी इंजिनाच्या नटांना व्हिटवर्थचे, म्हणजे इंची पाने चपखल बसतात. इंग्लिश गाडीला ते साजेसंच. पण नट काढून आट्यांवर पिच गेज (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायची पट्टी) धरलं, की आटे मिलिमीटरचे निघतात.

याचं मूळ पहिल्या महायुद्धात आहे. हॉचकिस या फ्रेंच शस्त्र कंपनीने तेव्हा कॉव्हेंट्रीत कारखाना थाटला. युद्ध संपल्यावर तिथे मॉरिस गाड्यांची इंजिनं बनू लागली आणि 1923 मध्ये विल्यम मॉरिस यांनी कारखानाच विकत घेतला. यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी, गॅरेजवाल्यांकडे पाने मात्र इंची. म्हणून आटे मेट्रिक आणि डोकं इंची अशी तडजोड झाली, ती पुढे एमजीच्याच टीडी-टीएफ गाड्यांपर्यंत टिकली. आपल्याकडच्या हिंदुस्थान 10 चं 1140 सीसी इंजिनही याच घराण्यातलं.

मग आजचा मेट्रिक बोल्ट चालेल? तोही नाही. या इंजिनांत 8 मिमी बोल्टचा पिच 1 मिमी असतो, दुकानात सहज मिळतो तो 1.25 चा. त्याहून फसवा 5/16 इंची बीएसएफ, म्हणजे बारीक आट्यांचा ब्रिटिश बोल्ट: व्यास 7.94 मिमी, पिच सुमारे 1.15. हाताने थोडासा फिरतो आणि अडतो. पाना तर बसलेलाच असतो, मग जोर लावायला हात शिवशिवतात. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा, त्यामुळे आटे जातात ते बहुधा त्याचे.

सिलिंडर हेडवर, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणावर, हा घोळ सगळ्यांत महाग पडतो. एक्सपीएजीच्या सिलिंडरचा व्यास 66.5 मिमी. ज्वलनाचा दाब 50 बार धरला, तर एकेक सिलिंडर हेडला सुमारे पावणेदोन टनांनी वर ढकलतो. स्टड (ब्लॉकमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्ट, वर नट) हेडला खाली धरतो तो स्प्रिंगसारखा ताणून. 100 मिमी लांबीच्या पोलादी स्टडवर 400 मेगापास्कल ताण आणला, तर तो जेमतेम 0.2 मिमी लांबतो. हेड आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट त्यातलं 0.05 मिमी जरी दबून बसलं, तरी पाव ताण गेला! जुन्या गॅस्केटांवर हेड पुन्हा आवळायला सांगतात ते यासाठीच.

आणि टॉर्क रेंच, म्हणजे आवळायचा जोर दाखवणारा पाना, हा ताण मोजतच नाही. लावलेल्या जोरातला साधारण नव्वद टक्के भाग घर्षणातच जातो. आट्यांना तेल लावलं की त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो, गंजकी धूळ असली की कमी. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्या, हे आधी पाहायचं.

चकचकीत स्टेनलेसचा मोह माझ्या मते हेडवर तरी आवरावा. नेहमीच्या ए2-70 स्टेनलेसची कायमचं ताणलं जाण्याची मर्यादा 450 मेगापास्कल, 8.8 ग्रेडच्या पोलादाची 640. शिवाय स्टेनलेसचे आटे एकमेकांत चिकटून बसतात. उलट त्याहून मजबूत 12.9 ग्रेडचा घेतला म्हणून स्प्रिंग ताठ होत नाही, पोलादाचा ताठपणा सगळ्या ग्रेडांत जवळपास सारखाच.

स्टड मिळाला, की ब्लॉकमधलं भोक तळापर्यंत साफ करावं. आत तेल साचलं असेल, तर स्टड फिरवताना ते दाबलं जाऊन बीड तडकू शकतं. स्टड नुसत्या हातानेच बसवायचा. पाना वर नटाला.