किटमधला रणगाडा कापायला सुरुवात कशी झाली

रणगाड्यांच्या मॉडेलांचे सगळे जग आज ज्या 1/35 (म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या) प्रमाणावर उभे आहे, ते प्रमाण कोणी बसून, हिशेब करून ठरवलेले नाही. खेळण्यातल्या रेल्वेवाल्यांनी फुटाला चार मिलिमीटर धरले आणि त्यातून 1/76 निघाले. विमानवाल्यांनी सहा फुटांना एक इंच धरला, त्यातून 1/72 आले. 1/35 आले ते रणगाड्याच्या पोटात दोन सेल मावावेत म्हणून. आणि किट जसे येते तसे न जोडता ते कापायचे, भरायचे, त्यावर पितळ चढवायचे, हा जो छंदातला छंद आहे, त्याचे मूळही बऱ्याच अंशी त्या दोन सेलमध्येच सापडते.

जपानमधल्या शिझुओका शहरात 1946 मध्ये योशिओ तामिया यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. त्यातून पुढे लाकडी मॉडेले आली. साठच्या दशकाच्या तोंडावर परदेशी प्लास्टिक किट जपानी दुकानांत दिसू लागली आणि लाकडाचे दिवस भरले. तामियाने 1960 मध्ये ‘यामातो’ या युद्धनौकेचे 1/800 प्रमाणातले पहिले प्लास्टिक किट काढले. स्पर्धक कंपनीने तीच नौका स्वस्तात विकली आणि तामियाला फटका बसला. त्यानंतरचा डाव होता जर्मन पँथर रणगाडा. सरळ, तिरक्या पत्र्यांचा हा रणगाडा साच्यात उतरवायला तुलनेने सोपा होता, आणि मोटर बसवली की तो चटईवरून चालणार होता. शिगेरू कोमात्सुझाकी यांनी डब्यावर काढलेले चित्र पाहून मुले थांबत. हे किट धो धो खपले. पुढे याच मापात आणखी रणगाडे काढायचे ठरल्यावर योशिओंचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनी पँथर मोजून पाहिला, तेव्हा तो खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा भरला. मोटर, गिअरबॉक्स आणि दोन मध्यम आकाराचे सेल आत बसावेत एवढीच मूळची अट होती.

त्या अटीचे वळ पुढची वीस वर्षे तरी किटांच्या अंगावर राहिले. पोटाच्या पत्र्याला स्विचसाठी भोक. रुंदी थोडी जास्त, कारण गिअरबॉक्स. पट्ट्यांच्या वर आलेला हलचा, म्हणजे रणगाड्याच्या धडाचा, भाग खालून उघडाच, कारण खेळणे जमिनीवर असताना तिथे कोण वाकून बघतो! पट्टे मऊ रबरी, एका तुकड्याचे, तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने टोके दाबून जोडायचे. खऱ्या रणगाड्याचा पट्टा वरच्या बाजूला चाकांवर सैल पडतो, लोंबतो. रबरी पट्टा मात्र ताणून धरल्यासारखा सरळ उभा राही. सुरुवातीचे डिटेलिंग म्हणजे या खेळण्याच्या खुणा पुसणे एवढेच होते: प्लास्टिकच्या पातळ शीटने खालची पोकळी बंद करायची, भोके पुट्टीने बुजवायची, पट्टा दोऱ्याने किंवा चिकटवून चाकांवर बसवायचा. कंपनीने मुलांसाठी विकलेली वस्तू मोठ्या माणसांनी आपल्यासाठी सुधारून घेतली.

कंपनीचाही रोख बदलत होता. 1966 मध्ये शुनसाकु तामिया अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातल्या ॲबरडीन प्रूव्हिंग ग्राउंडवर गेले. युद्धात पकडलेले जर्मन रणगाडे तिथे उघड्यावर उभे होते. त्यांनी त्यांचे भरपूर फोटो काढले. 1968 मध्ये 1/35 प्रमाणात जर्मन रणगाडा चालकांच्या आकृत्यांचा संच आला. माझ्या मते या छंदातला खरा सांधा तो आहे. शेजारी माणूस उभा राहिला की रणगाड्याचे माप डोळ्याला कळते. झाकण किती जाड, हँडल हातात मावेल का, पायरी पायाला पुरेल का, हे प्रश्न तेव्हापासून सुरू झाले. अमेरिकेत मोनोग्राम कंपनीने 1/32 च्या किटांमध्ये शेपर्ड पेन यांनी बनवलेल्या डायोरामांची, म्हणजे छोट्या देखाव्यांची, रंगीत पत्रके घातली. किटमधल्या त्याच रणगाड्याचा चिखलात रुतलेला, पत्रा वाकलेला, पोती आणि डबे लटकवलेला अवतार सत्तरच्या दशकातल्या मुलांनी त्या पत्रकांत पाहिला. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिंडन यांनी गडद, पातळ रंगाचा वॉश देऊन वर कोरड्या ब्रशने कडा उजळण्याची पद्धत इतकी लोकप्रिय केली, की काही वर्षे सगळ्यांचेच रणगाडे सारखे दिसू लागले. पुढे त्यांनी रेझिनमध्ये ओतलेले सुटे भाग विकायला काढले. इथे डिटेलिंग बाजारात आले.

पण भाग सुधारणे वेगळे आणि एका प्रकाराचा दुसरा प्रकार करणे वेगळे. या दुसऱ्या कामाला मॉडेलवाले कन्व्हर्जन म्हणतात, आणि ते समजून घ्यायला शर्मनसारखे उदाहरण नाही.

अमेरिकेने शर्मन एकाच वेळी अनेक कारखान्यांत काढला आणि ज्या कारखान्याला जे इंजिन मिळाले ते बसवले. विमानाचे रेडियल इंजिन, जनरल मोटर्सची जोड डिझेल इंजिने, फोर्डचे व्ही-8. सगळ्यात विचित्र तऱ्हा क्रायस्लरची. त्यांनी पाच मोटारगाडी इंजिने एका गिअरभोवती बांधून तीस सिलिंडरांचे एक धूड तयार केले. ते नेहमीच्या हलमध्ये मावेना, म्हणून हल अकरा इंच लांब केले. चाकांच्या जोड्यांमधले अंतर वाढले आणि दर बाजूच्या पट्ट्यात 79 ऐवजी 83 कड्या आल्या. हा एम4ए4. डेट्रॉइटच्या कारखान्यातून असे 7,499 निघाले आणि त्यातले बहुतेक ब्रिटिशांकडे गेले, कारण अमेरिकन सैन्याला त्या इंजिनाची देखभाल नको होती.

अकरा इंच म्हणजे 279 मिलिमीटर. त्याला पस्तिसाने भागा: जवळजवळ आठ. तामियाचा एम4ए3, म्हणजे नेहमीच्या लांबीचा शर्मन, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आला तेव्हा जगभरच्या मॉडेलवाल्यांनी जे पहिले मोठे धाडस केले ते या आठ मिलिमीटरचे होते. हल करवतीने आडवे कापायचे, मधे प्लास्टिक शीटचे तुकडे भरायचे, चाकांच्या जोड्या काढून नव्या अंतरावर लावायच्या, इंजिनवरचे झाकण नव्याने बनवायचे. पट्टा अर्थातच कमी पडायचा, मग दुसऱ्या किटचा पट्टा कापून जोडायचा. एक मिलिमीटर चुकला तर खऱ्यावर साडेतीन सेंटिमीटर चुकले. यात कुठे थांबायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. मॉडेलवाल्यांत रिव्हेट मोजणारी एक जात असते, ती थांबत नाही, आणि तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण बहुधा तिचेच बरोबर असते.

यातली गंमत ही, की मॉडेलवाला जे टेबलावर करत होता तेच सैन्याच्या वर्कशॉपांनी आधी खऱ्या पोलादावर केले होते. ब्रिटिशांनी एम4ए4 मध्ये आपली 17 पौंडी तोफ कोंबली आणि फायरफ्लाय बनवला. तोफेचा मागचा, गोळा भरायचा भाग फार मोठा पडला, म्हणून भरायची बाजू नव्वद अंशांनी फिरवावी लागली. टरेटमधला, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजातला, रेडिओ मागे बाहेर काढला, त्यासाठी मागच्या पत्र्याला भोक पाडून चिलखती पेटी जोडली. तोफ भरणाऱ्याला बाहेर पडायला वर वेगळे झाकण कापले. पुढच्या मशीनगनवाल्याला उतरवून त्याच्या जागी गोळे ठेवले आणि त्याचे भोक पत्र्याने बंद केले. फायरफ्लायचे कन्व्हर्जन करणारा माणूस या कापाकापीचा क्रम तसाच्या तसा पुन्हा जगतो. जिथे खऱ्यावर वेल्डिंगची रेघ उठलेली आहे तिथे तोही पुट्टीची बारीक रेघ ओढून तिच्यावर ब्लेडच्या टोकाने खाचा पाडतो.

जर्मन रणगाड्यांवर असेच एक वेड झिमेरिटचे. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून 1943 च्या उत्तरार्धापासून कारखान्यातच बेरियम सल्फेट, डिंकासारखे बंधक, गेरू आणि लाकडाचा भुसा यांचे लुकण पत्र्यावर थापत आणि त्यावर खाचा ओढत. सप्टेंबर 1944 मध्ये ते बंद झाले, आणि दोस्त राष्ट्रांनी चुंबकी सुरुंग फारसे वापरलेच नव्हते. पण त्या एका वर्षातल्या टायगर-पँथरवर ते असतेच, त्यामुळे गुळगुळीत प्लास्टिकचा रणगाडा खोटा वाटतो. म्हणून मॉडेलवाल्यांनी पुट्टीचा थर दिला आणि दाते पाडलेल्या पट्टीने रेघा ओढल्या. काहींनी तापवलेल्या टोकाने थेट प्लास्टिकवरच डाग दिले. पुढे झिमेरिटचे रेझिनचे पत्रे, मग स्टिकर, आणि शेवटी साच्यातच उठवलेले झिमेरिट मिळू लागले. हाताने करण्याची एक कला दहा-पंधरा वर्षांत विकत मिळणारी वस्तू झाली. या छंदाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा होते.

पितळेचेही तेच. साच्यातले प्लास्टिक साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ नीट उतरत नाही. 1/35 मध्ये अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्यावर सतरा-अठरा मिलिमीटर. चाकांवरचा पातळ पत्र्याचा मडगार्ड किटमध्ये चिलखताएवढा जाड दिसतो तो यामुळे. फोटो-एचिंगमध्ये पितळेच्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने नक्षी उमटवतात आणि उरलेला भाग रसायनात झिजवतात. पत्रा दशांश एक-दोन मिलिमीटरचा, त्यामुळे मडगार्ड खरोखर वाकवता येतो, ठेचता येतो. चेक प्रजासत्ताकातली एडुअर्ड, पोलंडमधली आबेर अशा कंपन्या नव्वदच्या दशकात या कामात पुढे आल्या. स्पेनच्या जोर्दी रुबिओने लेथवर कातलेल्या ॲल्युमिनियमच्या तोफांच्या नळ्या आणल्या, हंगेरीच्या फ्रिउलमॉडेलने धातूच्या सुट्या कड्यांचे पट्टे आणले. हे पट्टे आपल्या वजनानेच चाकांवर लोंबतात, त्यासाठी दोरा नको की डिंक नको. सगळे सुटे भाग घेतले तर मूळ किटच्या कितीतरी पट पैसे जातात, आणि कपाटात पितळेच्या न उघडलेल्या पाकिटांची थप्पी साचते. ज्यांच्या कपाटात नाही त्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, एवढेच.

मग किटवाल्यांनीच हा बाजार गिळला. हाँगकाँगच्या ड्रॅगनने डब्यातच पितळ, कातलेली नळी आणि बारीकसारीक पर्यायी भाग घालायला सुरुवात केली. जपानच्या तास्काने फायरफ्लाय काढला, तोही योग्य लांबीचा, योग्य अंतराच्या चाकांचा. ज्या आठ मिलिमीटरसाठी लोकांनी करवती घासल्या होत्या ते आता डब्यातून सरळ बाहेर आले. जुन्या मंडळींना याचे थोडे वाईट वाटले असणार. पण फायरफ्लाय हा पश्चिम युरोपातल्या लढायांचा नायक आहे, म्हणून त्याला किट मिळाले. किट कोणाचे निघते हे गिऱ्हाईक ठरवतो. बाकीच्या आघाड्यांसाठी कापाकापी शिल्लकच राहिली, आणि भारतीय मॉडेलवाल्याचे काम इथून सुरू होते.

एम4ए4 ब्रह्मदेशातही लढला. 1945 च्या मार्चमध्ये मेक्टिला घेतले गेले तेव्हा तिथल्या भारतीय रणगाडा ब्रिगेडमधल्या प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांकडे हेच शर्मन होते. किट नॉर्मंडीचे घ्यायचे आणि त्याचा ब्रह्मदेश करायचा, तर बदल करवतीचा राहत नाही. तो सामानाचा, धुळीचा, खुणांचा होतो. त्या आधीच्या पिढीचे स्टुअर्ट रणगाडे 1 नोव्हेंबर 1948 रोजी 7 लाइट कॅव्हलरीने झोजी खिंडीत चढवले. बालतालपर्यंत गुपचूप नेताना त्यांचे टरेट उतरवून ठेवले होते. टरेट नसलेला, ताडपत्रीखाली झाकलेला स्टुअर्ट, अरुंद डोंगरी रस्ता: हे दृश्य कुठल्याही डब्यावर छापलेले नाही, आणि करायला फार सोपे आहे. फक्त टरेटच्या जागचे गोल भोक आतून नीट भरावे लागेल, कारण तिथून आत दिसते.

सेंच्युरियनची गोष्ट तर महाराष्ट्राच्या आणखी जवळची. 1817 मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या घोडदळातून आलेली पूना हॉर्स 1965 मध्ये सेंच्युरियनवर लढली. तिचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर त्या लढाईत कामी आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या लढाईत याच रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले. तो रणगाडा पुढे दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ठेवला आहे. शहरात 1994 पासून रणगाड्यांचे संग्रहालयही आहे. रोल्स-रॉइस चिलखती गाडी, चर्चिल, जपानी हा-गो आणि ची-हा, पकडलेला पॅटन, सेंच्युरियन, विजयंता, हे सगळे उघड्या मैदानात एका फेरीत पाहता येतात. शुनसाकु तामियांना ॲबरडीनने जे दिले ते मराठी मॉडेलवाल्याला मुंबई-पुण्याहून एका दिवसात मिळते.

सेंच्युरियनची 1/35 किट तैवानच्या एएफव्ही क्लबने काढली आहेत. पण त्यांतली काही इस्रायली रूपातली, म्हणजे डिझेल इंजिनासाठी मागचा भाग बदललेली आणि 105 मिमी तोफ चढवलेली आहेत, तर 1965 चा पूना हॉर्सचा सेंच्युरियन 20 पौंडी तोफेचा. या तोफेचा व्यास 84 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर नळीचे तोंड 2.4 मिलिमीटरचे. तिच्या दोन तऱ्हा आहेत: एक सरळ नळीची, दुसरीला मध्यावर धूर ओढून घेणारा फुगवटा. चुकीचे किट स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर इंजिनवरचे सगळे झाकण नव्याने बांधायची तयारी हवी. आणि संग्रहालयातल्या रणगाड्यावर डोळे झाकून विसंबू नये. त्याच्यावर रंगाचे थर चढलेले असतात, दिवे आणि पेट्या गेलेल्या असतात, कधी दुसऱ्याच रणगाड्याचे भाग लावलेले असतात. माप संग्रहालयात घ्यावे, खुणा आणि सामान मात्र त्या-त्या लढाईच्या फोटोवरून ठरवावे. फोटोत जी बाजू दिसत नाही, तिथे ताडपत्रीची वळकटी बांधायची मुभा सगळेच घेतात.