रिपोर्ट नॉर्मल, तरी बोलणं कळत नाही: श्रवणचाचणी वेगळी, श्रवणाचं मूल्यमापन वेगळं

"रिपोर्ट नॉर्मल आहे, काही झालेलं नाही तुम्हाला." हे ऐकून माणूस सुटल्यासारखा घरी येतो. जेवताना चार जण एकदम बोलायला लागले की पुन्हा तेच होतं. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. चाचणी आणि मूल्यमापन या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, तिथे घोळ होतो.

चाचणी म्हणजे बहुतेकांच्या ओळखीची ऑडिओमेट्री. आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे, सूर एकेक करून ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगतात. कोणता सूर किती हळू असताना जेमतेम ऐकू आला, त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. हा आलेख उलटा वाचायचा असतो. शून्य वर असतं, आणि रेघ जितकी खाली तितकं ऐकणं कमी. शून्य डेसिबल म्हणजे शांतताही नव्हे. निरोगी तरुण कानांना सरासरीने जेमतेम ऐकू येणारी ती पातळी. आणि '४० डेसिबल म्हणजे ४० टक्के बहिरेपणा' हा तर निव्वळ गैरसमज आहे. डेसिबल ही लॉगरिदमवर चालणारी, म्हणजे पटीपटीने वाढणारी मोजपट्टी आहे, तिची अशी टक्केवारी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ या चार सुरांची, दोन्हींपैकी जास्त चांगलं ऐकणाऱ्या कानाची सरासरी धरली आहे. ती २० डेसिबलच्या आत असेल तर ऐकणं सामान्य, २० ते ३५ सौम्य दोष, ३५ ते ५० मध्यम, आणि पुढे तीव्रता वाढत जाते. दोष मधल्या कानात आहे की आतल्या, दोन्ही कानांत सारखा आहे का, कोणत्या पट्टीत आहे, हे चाचणीशिवाय कळत नाही. तिला कमी लेखण्यात अर्थ नाही.

पण त्या खोलीत गोंगाट नसतो, घाई नसते, आणि कुणी पाठ फिरवून बोलत नसतं. शिवाय तिथे बोलणं नसतं, नुसते सूर असतात. बोलण्यातली ताकद बरीचशी स्वरांत, म्हणजे खालच्या पट्टीत असते. स, श, फ, थ यांची ओळख मात्र वरच्या पट्टीत. वय वाढतं तशी वरची पट्टी आधी जाते. म्हणून 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं, 'सहा' की 'दहा' ते कळत नाही, आणि समोरचा मोठ्याने बोलला तर आवाज वाढतो पण शब्द तितकाच पुसट राहतो. जुन्या पद्धतीच्या फोनवर तर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच पुढे जातात, म्हणजे तिथे 'स' मुळातच अर्धामुर्धा पोचतो.

आता एकाच आलेखाची दोन माणसं घ्या. एक दिवसभर फोनवर खातेक्रमांक लिहून घेतो, दुसरी एकटी बसून शिलाई करते. दोघांची रेघ अगदी एकावर एक ठेवण्यासारखी असली, तरी एकाची नोकरी धोक्यात आहे आणि दुसरीला फक्त दाराची बेल ऐकू यायला हवी आहे. दोघांना एकच सल्ला देणं म्हणजे कागदावर उपचार करणं.

मूल्यमापनाची सुरुवात इथून होते. रुग्णकेंद्री पद्धतीत पहिला प्रश्न असतो, कुठे अडतं? यासाठी नीट बांधलेली साधनं आहेत. १९८० च्या दशकात ज्येष्ठांसाठी तयार झालेली एक छोटी प्रश्नावली दहा प्रश्नांची आहे. 'हो'ला ४, 'कधीकधी'ला २, 'नाही'ला ० गुण, एकूण ४०. ऐकण्याच्या अडचणीमुळे नवीन माणसाला भेटताना अवघडल्यासारखं होतं का, घरच्यांशी खटके उडतात का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात येतात. दुसरं साधन ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजमधून आलेलं, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेलं 'कोसी'. मला ते जास्त भावतं, कारण त्यात छापील प्रश्नच नाहीत. रुग्ण स्वतःच्या जास्तीत जास्त पाच गरजा सांगतो. 'नीट ऐकू यावं' एवढं चालत नाही. 'जेवताना नात बोलते ते कळावं' असं नेमकं लागतं. श्रवणयंत्र लावल्यावर त्याच गरजा पुन्हा काढून विचारतात, किती फरक पडला? आलेखातली रेघ यंत्रामुळे बदलत नाही, पण हे उत्तर बदलतं.

याच्या जोडीला गोंगाटातली बोलण्याची चाचणी हवी. मागे बडबड सुरू ठेवून वाक्यं ऐकवतात आणि बोलणं बडबडीपेक्षा किती वर असलं की कळतं, ते मोजतात. सुरुवातीच्या माणसाचं कोडं इथे सुटायला लागतं. अमेरिकेतल्या बीव्हर डॅम या शहरातल्या अभ्यासात ऑडिओग्राम सामान्य असलेल्या प्रौढांपैकी सुमारे १२ टक्के लोकांनी ऐकण्याची अडचण असल्याचं सांगितलं होतं. त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून परत पाठवणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

याच्या उलटही घडतं. आलेख ५५ डेसिबल दाखवतो आणि माणूस म्हणतो, "मला काही त्रास नाही." त्रास खरोखरच होत नसतो, कारण त्याने सभेला जाणं सोडलेलं असतं, फोन दुसऱ्याच्या हातात दिलेला असतो, आणि हसायचं कधी ते इतरांचे चेहरे पाहून ठरवलेलं असतं. अशा वेळी 'त्रास काय?' यापेक्षा 'काय सोडलंत?' हा प्रश्न जास्त कामाचा. सोबत आलेल्या माणसालाही विचारावं, पण रुग्णाच्या डोक्यावरून नव्हे. घरच्यांची तक्रार बहुधा टीव्हीच्या आवाजाची असते. रुग्णाची तीच असेलच असं नाही.

रुग्णकेंद्री म्हणजे रुग्ण मागेल ते देणं, असाही एक समज आहे. कानात दिसणार नाही असं सगळ्यात छोटं यंत्र हवं, अशी मागणी हमखास येते. दोष तीव्र असेल तर त्या यंत्राची ताकद पुरत नाही, आणि ते स्पष्ट सांगणं हाही याच पद्धतीचा भाग. डेन्मार्कच्या इडा इन्स्टिट्यूटने लोकप्रिय केलेला एक साधा प्रश्न इथे मदत करतो: ऐकणं सुधारणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहामध्ये सांगा. मुलांनी ओढून आणलेला माणूस 'तीन' म्हणाला, तर त्या दिवशी यंत्र गळ्यात मारू नये. ते खणात पडून राहतं. तीनच का, दोन का नाही, हे विचारलं की तो माणूस स्वतःच बोलायला लागतो.

मात्र एका प्रसंगी हा सगळा क्रम बाजूला ठेवायचा. काही तासांत, फार तर तीन दिवसांत, एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर ती तातडीची बाब आहे. 'मळ साचला असेल' म्हणून आठवडाभर थांबू नये, कारण स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो सुरुवातीच्या दिवसांतच होण्याची शक्यता जास्त. एकाच कानात बाहेर काही नसताना आवाज येत राहणं, दोन कानांच्या ऐकण्यात मोठा फरक, कान वाहणं किंवा सोबत चक्कर, यांतलं काही असेल तरी कानाच्या डॉक्टरांना आधी दाखवावं. तिथे पहिल्या दिवशी आलेखच हवा. नातीचं बोलणं आणि फोनवरचे आकडे यांची विचारपूस पुढच्या भेटीत झाली तरी चालते.