रुमालावर न येणारी धूळ

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पाळी सुटली की फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, नळावर गर्दी होते. हात-तोंड धुऊन नाक शिंकरलं की रुमालावर काळा डाग उमटतो आणि "निघाली घाण" म्हणत माणसं घराकडे वळतात. निघाली ती नाकाने अडवलेली धूळ. खोल आत गेलेली धूळ त्या रुमालावर कधीच येत नाही.

कण कुठवर जाणार हे मुख्यतः त्याचा आकार ठरवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण नाका-घशातच अडतात. हवा वळते, जड कणाला वळता येत नाही आणि तो ओल्या भिंतीवर आपटून चिकटतो. त्याहून लहान कण श्वासनलिकेच्या फांद्यांमध्ये बसतात. तिथे चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि पेशींवरचे सूक्ष्म केस तो थर सतत वर, घशाकडे ढकलत राहतात. २.५ मायक्रॉनहून बारीक कण मात्र वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, उतरू शकतात. तिथे झाडायला हे केस नाहीत. कोट्यवधी वायुकोश उलगडून पसरले तर सुमारे ७० चौरस मीटर भरतील, म्हणजे दोन खोल्यांच्या फ्लॅटएवढे. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा तर एका मायक्रॉनहूनही पातळ.

कोल्हापूरच्या ओतकामात साचा वाळूचा, आणि वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका. वाळूचा अख्खा दाणा फुप्फुसात जायला फार मोठा असतो. पण नॉकआउटला साचा फोडताना, फेटलिंगला कास्टिंगवर ग्राइंडर फिरताना त्याचा चुरा होतो. हा ताजा चुरा जास्त घातक असतो आणि त्यातले सर्वात बारीक कण हवेत तासन्‌तास तरंगतात.

वायुकोशातली भक्षक पेशी जंतूसारखाच हा कणही गिळते. जंतू तिच्या पोटात विरघळतो, सिलिका विरघळत नाही. उलट तिच्या आतल्या पाचकरसाच्या पिशव्या फुटतात आणि पेशीच मरते. मरताना ती सूज पेटवणारी रसायनं सोडते. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते, तीही मरते. या धुमश्चक्रीत तिथे घट्ट तंतूंचे व्रण साठत जातात आणि मऊ फुप्फुस कडक होतं. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, कारण कण आतच असतो. अशा फुप्फुसात क्षयरोग सहज शिरतो. १९९७मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासावाटे आत जाणारी स्फटिकरूप सिलिका माणसात कर्करोग घडवणारी ठरवली.

कष्टाने धोका वाढतो. बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, जड काम करणारा चाळीस लिटरच्याही वर. जोर-बैठका मारताना पैलवानाचं तोंड उघडतं, तसंच हमाली करणाऱ्याचंही. मग नाकाची गाळणी बाजूलाच राहते.

"गूळ खाल्ला की धूळ निघते" ही समजूत आपल्या गुळाच्या मुलखात पक्की आहे. लखनौला उंदरांवर असे प्रयोग झाले आणि त्यांत काही गुण दिसलाही. पण गूळ मिळतो म्हणून मास्क नको, हा हिशेब मला भयंकर वाटतो. एकदा तयार झालेला व्रण गुळाने जात नाही, औषधानेही नाही.

कारखान्याबाहेरही सुटका नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात गच्चीवर पडणारी काळी राख दिसते तरी. वाहनांचा आणि भट्ट्यांचा बारीक धूर दिसतही नाही. हवा शुद्ध करण्याच्या २०१९च्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोल्हापूरचं नाव आहे. पीएम २.५साठी, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांसाठी, आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची ५.

पाळी संपताना कॉम्प्रेसरची नळी अंगावर फिरवून कपडे साफ करायची सवय आधी मोडायला हवी. ती बसलेली धूळ नाकासमोर उडवते. कोरडा झाडूही तेच करतो. धूळ निघते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा, झाडण्याआधी पाण्याचा फवारा आणि चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क हवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही. कामाचे कपडेही कारखान्यातच बदलावेत. दारात शर्ट झटकला जातो, तेव्हा धावत आलेलं पोर पायाशीच उभं असतं.