समुद्र आहे म्हणून मुंबईची हवा स्वच्छच राहते?

"दिल्लीसारखं आपल्याकडे होणार नाही, समुद्र आहे ना!" मुंबईत हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पावसाळ्यात हवा खरंच स्वच्छ असते, म्हणून ते पटतंही. हिवाळ्यात मात्र हा समज साफ चुकीचा ठरतो.

दिवसा वारा समुद्रावरून येतो, रात्री उलटा वाहतो. रात्री समुद्रावर गेलेली प्रदूषित हवा दुसऱ्या दिवशी परत शहरात येऊ शकते. त्यात हिवाळ्यात वारे मंदावतात आणि पहाटे जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूळ, धूर खालीच कोंडतो. पहाटे फिरायला जाणारे आपले आजी-आजोबा नेमकी हीच हवा छातीत भरून घेतात, याचं फार वाईट वाटतं.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महापालिकेने बांधकामांसाठी नियम काढले: ७० मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, डंपरची चाकं धुणं, राडारोडा झाकून नेणं. चाकं धुतली नाहीत तर गेटपासून रस्त्यावर मातीचे दोन पट्टे उमटतात. ते वाळले की प्रत्येक रिक्षामागे धूळ उडते. असे पट्टे दिसले तर फोटो काढून वॉर्ड ऑफिसात तक्रार कराच.

हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर शहराची सरासरी न पाहता जवळच्या मोजणी केंद्राचा आकडा पाहा. तोही धूलिकणांच्या २४ तासांच्या सरासरीवरून काढतात, त्यामुळे पहाटेची हवा त्याहून वाईट असू शकते.