सडा

सडा : सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जांभ्या खडकाची जी उघडी, सपाट पठारे आहेत, त्यांना सडा किंवा कातळ म्हणतात. साताऱ्याजवळचे कास हे सर्वांत प्रसिद्ध. सुमारे १,२०० मीटर उंचीवरचे हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. रत्नागिरी-राजापूरकडचे सडे तितकेच बोलके आहेत, पण तिथे गर्दी जमते ती अलीकडे कातळशिल्पांसाठी.

बेसाल्टमधील सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम पावसाने दीर्घकाळ धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे उरली, तोच जांभा. त्यावरची माती काही बोटेच खोल आणि निकस. महसुली दप्तरात अशी जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, ठरते. मे महिन्यात सड्यावरून अनवाणी चाललेला माणूस त्या नोंदीला हरकत घेणार नाही.

इथल्या वनस्पतींपुढची अडचण दुहेरी आहे. पावसाळ्यात पाणी तुंबून मुळे गुदमरतात आणि ऑक्टोबरनंतर तोच कातळ ठणठणीत कोरडा पडतो. गेंद या सड्यावरच्या छोट्या वनस्पतीची मुळे स्पंजासारखी पोकळ असतात. त्या पोकळ्यांतून चिखलातही हवा खेळते. गेंद, सीतेची आसवे अशा वनस्पती पाऊस आहे तोवर उगवून, फुलून, बी टाकून मोकळ्या होतात. पुढचा उन्हाळा सोसायचा तो बियांनी. वायतुरा मात्र वर्षानुवर्षे जगतो. पाणी आटले की पाने वाळतात, कंद जमिनीत राहतो आणि पावसात त्यातून पुन्हा वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा वर येतो. काही गवते तर पार वाळून काडी होतात आणि पहिल्या सरीनंतर त्याच पानांनी हिरवी होतात.

उरला प्रश्न अन्नाचा. मातीत नायट्रोजन जेमतेम, म्हणून काही वनस्पती तो किड्यांकडून मिळवतात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावरील केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. चिलट अडकले की केस त्याच्यावर वाकतात. सीतेच्या आसवांचे निळेजांभळे फूल दिसायला गरीब, पण खाली ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो, एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात. कंदीलपुष्पही माश्या पकडते, मात्र खाण्यासाठी नव्हे. नळीतले खाली वळलेले केस माशीला कोंडून ठेवतात. ते कोमेजले की ती पराग घेऊन सुटते.

हे सारे कुणा एका रोपाने ठरवून केलेले नाही. ज्यांच्यात असे गुण थोडेफार होते त्यांची संतती टिकली, बाकीची गेली. अशा असंख्य पिढ्यांतून हे घडले.

प्राण्यांनाही वेळ साधावी लागते. आंबोलीच्या सड्यावरील भेक (बेडकाचा एक प्रकार), ज्याची प्रजाती म्हणून नोंद २००९ साली झाली, पावसाच्या सुरुवातीच्या मोजक्या दिवसांत कातळावरील उथळ डबक्यांत अंडी घालतो. मध्येच उघडीप पडली तर डबकी आटतात आणि पिल्लांची वाढ पुरी होण्याआधीच त्यांचा हंगाम संपतो.

घरबांधणीच्या चिऱ्यांसाठी खाण सुरू होते तेव्हा पहिल्यांदा खरवडली जाते ती वरची काही बोटे माती. पुढच्या जूनसाठी थांबलेले बी आणि कंद तिच्यातच असतात.