सुपरिंटेंडंटची निवड (अमेरिकेतील मोठी शहरी स्कूल डिस्ट्रिक्ट)

अमेरिकेत सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात आणि तिच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला सुपरिंटेंडंट. ‘अधीक्षक’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे वसतिगृहाचा किंवा कार्यालयाचा अधीक्षक येतो. हे पद त्याहून फार मोठे आहे. शिक्षकांच्या नेमणुका, शाळांच्या इमारती, बस, मुलांचे जेवण, अब्जावधी डॉलरचे अंदाजपत्रक आणि कामगार संघटनांशी होणारे करार, हे सगळे लॉस एंजेलिससारख्या शहरात एकाच माणसाच्या सहीपाशी येते. महाराष्ट्रात शिक्षणाधिकारी राज्याच्या सेवेतून येतो आणि त्याची बदली शासन करते. अमेरिकेत बहुतेक डिस्ट्रिक्टना आपला सुपरिंटेंडंट स्वतः शोधावा लागतो, त्याच्याशी घासाघीस करून करार करावा लागतो आणि पटेनासे झाले तर भरपाई देऊन मोकळे करावे लागते.

निवडतो कोण

बहुतेक ठिकाणी हा अधिकार स्कूल बोर्डाचा, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या नियामक मंडळाचा असतो. लॉस एंजेलिस युनिफाइड या तिथल्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डात ७ सदस्य असून ते विभागवार निवडून येतात. न्यू यॉर्कमध्ये २००२ पासून महापौर नेमणूक करतो आणि पदाला चान्सलर म्हणतात. शिकागोत १९९५ च्या कायद्याने बोर्ड व मुख्य कार्यकारी अधिकारी दोन्ही महापौराच्या हाती गेले. जानेवारी २०२५ पासून तेथे १० निवडून आलेले आणि ११ महापौराने नेमलेले अशा २१ सदस्यांचे बोर्ड आहे. ह्यूस्टनमध्ये २०२३ साली टेक्सास राज्याने डिस्ट्रिक्ट ताब्यात घेऊन सुपरिंटेंडंट व बोर्ड दोन्ही बदलले. फ्लोरिडातील अनेक काउंट्यांत (जिल्ह्यांत) हे पद थेट मतदानाने भरतात, मायामी-डेडमध्ये मात्र बोर्ड नेमते.

बोर्ड निवडते म्हणजे बोर्ड निवडून देणाऱ्या पालकांचाही त्यात हात असतो. सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ च्या सार्वमतानुसार शहरात राहणाऱ्या, नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डासाठी मत देता येते. तिथे व्हिसावर राहणाऱ्या मराठी आईवडिलांनाही तो हक्क आहे. पण नोंदणीची माहिती इमिग्रेशन यंत्रणेपर्यंत पोहोचू शकते असा इशारा शहर प्रशासनच देते, तो वाचूनच निर्णय घ्यावा.

शोधाचे वेळापत्रक

आर्थिक वर्ष बहुतेक राज्यांत १ जुलैला सुरू होते, त्यामुळे नवा माणूस त्या दिवशी खुर्चीत असावा असा हिशेब करतात. त्यासाठी शोध आदल्या हिवाळ्याच्या आधीच सुरू व्हावा लागतो. वसंतात जागा रिकामी झाली की चांगले उमेदवार आपापल्या डिस्ट्रिक्टशी पुढच्या वर्षासाठी बांधले गेलेले असतात. लॉस एंजेलिसमध्ये ऑस्टिन ब्यूटनर यांनी एप्रिल २०२१ मध्ये पद सोडणार असल्याचे सांगितले, जुलैपासून मेगन रायली यांनी हंगामी कारभार पाहिला, डिसेंबरमध्ये अल्बर्टो कार्व्हालो यांची निवड झाली आणि ते फेब्रुवारी २०२२ मध्ये रुजू झाले. म्हणजे दहा महिने गेले, आणि शेवटी नवा अधिकारी शैक्षणिक वर्षाच्या मध्यावरच आला.

हंगामी अधिकारी नेमतानाच तो कायम पदासाठी अर्ज करणार की नाही हे बोर्डाने लेखी ठरवून घ्यावे. ते मोघम ठेवले तर बाहेरचे उमेदवार ‘माणूस आधीच ठरलेला आहे’ असे समजून फिरकत नाहीत, आणि कार्यालयातले लोक दोन गटांत विभागले जातात.

त्यानंतर शोधसंस्था निवडतात. ती जाहिरात देते, सभा घेते, अर्ज चाळते. पण तिचे खरे काम फोनचे असते. मोठ्या शहराला हवा असलेला माणूस सहसा दुसरीकडे काम करत असतो आणि अर्ज करत नाही, त्याला गाठून तयार करावे लागते. एक अडचण इथेच आहे: त्याच मोजक्या संस्था अनेक शहरांसाठी काम करतात, त्यामुळे तीच नावे फिरून फिरून पुढे येतात. गेल्या पाच वर्षांत या संस्थेने बसवलेल्यांपैकी किती जण अजून पदावर आहेत, आणि निवडलेला माणूस लवकर गेला तर संस्था दुसरा शोध विनामूल्य घेईल का, हे दोन प्रश्न करारापूर्वी विचारायचेच.

अपेक्षापत्र

नव्या सुपरिंटेंडंटकडून काय हवे ते सांगणारे अपेक्षापत्र पालक, शिक्षक, विद्यार्थी आणि संघटना यांच्या सभा व प्रश्नावल्यांतून तयार होते. सर्वांत जास्त शोध बिघडतात ते इथे. ‘दूरदृष्टीचा, संवादी, सर्वसमावेशक नेता हवा’ असा मजकूर कुठल्याही शहराला चालतो, म्हणून निवडीच्या कामाचा नसतो. उपयोगी अपेक्षापत्रात तीन-चारच कामे असतात आणि ती नेमकी असतात: पटसंख्या घटल्यामुळे शाळा एकत्र कराव्या लागणार आहेत, तिसरीपर्यंतचे वाचन सुधारायचे आहे, शिक्षकांचा करार अमुक महिन्यात संपतो. बोर्डाचे या कामांवर एकमत नसेल तर ते मुलाखतीत होत नाही. चार विरुद्ध तीन मतांनी आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन विरोधक मिळतात आणि पुढच्या निवडणुकीत एक जागा फिरली की त्याचे बहुमत संपते. शिक्षणक्षेत्रातून आलेला माणूस हवा की बाहेरचा, हेही आधीच ठरवावे. कॅलिफोर्नियात बोर्डाला सुपरिंटेंडंटसाठी शालेय प्रशासनाच्या परवान्याची अट माफ करता येते. गुंतवणूक क्षेत्रातून आलेले ब्यूटनर २०१८ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी नेमले गेले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांना शिक्षकांच्या सहा शालेय दिवस चाललेल्या संपाला तोंड द्यावे लागले.

गुप्तता की खुलेपणा

नावे उघड केली तर नोकरीत असलेला उमेदवार आपल्या बोर्डाच्या रोषाच्या भीतीने माघार घेतो. झाकून ठेवली तर शहराला शेवटच्या क्षणी अनोळखी चेहरा दाखवला जातो. टेक्सासच्या कायद्याने अर्जदारांची नावे गोपनीय असतात, मात्र अंतिम नाव मतदानाच्या किमान २१ दिवस आधी जाहीर करावे लागते. त्यामुळे तिथली बोर्डे बहुधा एकच अंतिम नाव जाहीर करतात. कॅलिफोर्नियात चर्चा बंद दाराआड चालते, पण पगार व लाभ खुल्या नियमित सभेत तोंडी सांगितल्याशिवाय मंजूर करता येत नाहीत. त्यासाठी तातडीची विशेष सभा चालत नाही. अंतिम दोन-तीन जणांना एक-एक दिवस शहरात आणून पालक, मुख्याध्यापक व विद्यार्थी यांच्यासमोर उभे करणे हा आमच्या मते बरा मधला मार्ग आहे.

पडताळणी

उमेदवाराने दिलेल्या संदर्भांना फोन करणे ही पडताळणी नव्हे. ते चांगलेच बोलणार. त्याने न दिलेले लोक गाठावे लागतात: आधीच्या बोर्डाचा पराभूत सदस्य, संघटनेचा अध्यक्ष, अर्थविभागाचा प्रमुख, विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचे पालक. पदवी थेट विद्यापीठाकडून तपासावी, खटले व सरकारी तपासणी अहवाल वाचावेत, आणि शक्यतो दोन-तीन सदस्यांनी त्याच्या सध्याच्या शाळा स्वतः पाहाव्यात. हे सगळे मतदानाच्या आधी. मिनियापोलिसच्या बोर्डाने डिसेंबर २०१५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील होल्योकच्या माजी सुपरिंटेंडंटची निवड केली. काही दिवसांत तिथल्या एका शाळेत अपंग मुलांना मारहाण झाल्याचा अहवाल आला. जानेवारीत बोर्डाने करार नाकारला, हंगामी अधिकाऱ्यालाच कायम नेमण्याचा प्रयत्न निदर्शनांत बुडाला, आणि पुन्हा शोध घेऊन मे २०१६ मध्ये एड ग्राफ यांची निवड झाली.

उलट बाजूही धरून चालावे. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस न्यू यॉर्कने तेव्हा मायामी-डेडचे सुपरिंटेंडंट असलेल्या कार्व्हालो यांचे नाव जाहीर केल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मायामीच्या बोर्डाच्या थेट प्रक्षेपित सभेत नकार दिला. काही दिवसांत रिचर्ड कॅरांझा यांचे नाव आले. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला करारावर सही होईपर्यंत नकार कळवत नाहीत.

करार

कॅलिफोर्नियात मुदत जास्तीत जास्त ४ वर्षे असते. कार्व्हालो यांच्या पहिल्या कराराचा मूळ पगार वर्षाला ४,४०,००० डॉलर होता. वर्तमानपत्रे आकड्यावर थांबतात. वाचायचे कलम ते नव्हे, मुदतीआधी काढण्याचे. कारण न देता काढल्यास किती महिन्यांचा पगार द्यायचा हे तिथे लिहिलेले असते, आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याने सुपरिंटेंडंटसाठी त्याची कमाल १२ महिने ठेवली आहे. शिकागोच्या बोर्डाने मुख्य कार्यकारी अधिकारी पेद्रो मार्टिनेझ यांना डिसेंबर २०२४ मध्ये कारण न देता काढले तेव्हा करारामुळेच ते आणखी सहा महिने पदावर राहिले. दुसरे कलम मूल्यमापनाचे. कोणत्या महिन्यात, कोणत्या आकड्यांवर आणि कोण लिहिणार हे करारात नसेल, तर पहिले मूल्यमापन भांडण पेटल्यावरच होते.