पंचवीस किलोंची तलवार? आधी पात्याची जाडी बघा

महाराणा प्रतापांचा भाला ८१ किलोंचा, चिलखत ७२ किलोंचं, ढाल-तलवारी धरून सगळं मिळून २०८ किलो: हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. उदयपूरच्या सिटी पॅलेस संग्रहालयात त्यांची शस्त्रं ठेवली आहेत आणि तिथल्याच फलकावर एकूण वजन लिहिलंय ३५ किलो.

तेवढ्यासाठी उदयपूर गाठायला नको. मुंबईत काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा आणि तलवार समोरून नव्हे, काचेच्या कडेला उभं राहून बाजूने बघा. पातं मुठीपाशी जेमतेम अर्धा सेंटीमीटर जाड, टोकाकडे आणखी पातळ. आता हिशेब करू. ८० सेंमी लांब, ३.५ सेंमी रुंद, सरासरी ४ मिमी जाड पातं म्हणजे ११२ घनसेंमी पोलाद. घनसेंमीला ७.८५ ग्रॅम धरले तर साधारण ८८० ग्रॅम. लोखंडी मुठीसकट सव्वा किलोच्या आसपास. हेच पातं २५ किलोंचं करायचं तर जाडी ११ सेंमी लागेल, म्हणजे विटेपेक्षा जास्त! असलं धूड एकदा वार चुकला की वेळेत मागे खेचता येत नाही. तोवर समोरच्याने काम उरकलेलं असतं.

चिलखत मात्र खरंच जड. कड्यांचा अंगरखा दहाएक किलो भरतो, पण कमरेला पट्टा आवळला की भार खांद्यांवरून कमरेवर वाटला जातो. याच संग्रहालयात अकबराचं १५८१ सालचं पोलादी चिलखत आहे. त्याच्याही पत्र्याची कड निरखून बघा.